अर्ज भरण्याआधी यंत्र कुठे आहे ते विचार

पत्र:
ताई, मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. यंदा बारावी सायन्सला आहे, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि मॅथ्स घेतलंय. चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकले, पुढे इंग्रजी माध्यम. माझ्या मावशीला गर्भाशयमुखाचा कॅन्सर झाला होता. मुंबईतल्या एका इस्पितळात तिला रेडिएशन दिलं, तेव्हा सुट्टी होती म्हणून मी सोबतीला राहिले. तिला रोज पाणी पिऊन, लघवी धरून थांबावं लागायचं. एक दिवस मशीन अडलं आणि ती कळवळायला लागली, तेव्हा आतली टेक्निशियन बाहेर आली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही जाऊन या, परत पाणी प्या, तुमचा नंबर मी सोडत नाही." मावशी आता बरी आहे. मला रेडिएशन थेरपीचा कोर्स करायचाय. अर्जासोबत 'हा कोर्स का करायचाय' ते लिहून द्यावं लागतं म्हणतात. काय लिहू? मुलाखतीत काय विचारतात? माझं फिजिक्स बेताचं आहे. आणि आई म्हणते, त्या किरणांत काम केलंस तर उद्या मुलंबाळं व्हायची नाहीत. काय करू?
– एक विद्यार्थिनी, सत्तरी

उत्तर:

तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तू जाता जाता लिहून टाकलंयस. मावशीचं लघवी धरून थांबणं, मशीन अडणं आणि त्या टेक्निशियनचं बाहेर येणं. 'काय लिहू' म्हणून मला विचारतेस, पण लिहायचं ते तू मला लिहून पाठवलंच आहेस.

मावशीला तसं का थांबवत होते, हे तुला त्या वेळी कुणी सांगितलं नसेल, तर आता ऐक. ओटीपोटाला शेक, म्हणजे रेडिएशन, देताना मूत्राशय भरलेलं असलं की लहान आतडं वर सरकतं आणि किरणांच्या वाटेतून बरंचसं बाहेर राहतं. शिवाय प्लॅनिंगच्या सीटी स्कॅनच्या वेळी मूत्राशय जेवढं भरलेलं होतं, साधारण तेवढंच रोज भरलेलं असलं, तर गर्भाशय रोज जवळपास त्याच जागी सापडतं. प्लॅन त्या जागेसाठी केलेला असतो. म्हणजे ती टेक्निशियन बाहेर आली ती केवळ दया येऊन नव्हे. मावशीचे हाल थांबवायचे आणि उपचारही बिघडू द्यायचा नाही, दोन्ही गोष्टी तिने एका वाक्यात साधल्या. 'जाऊन या' आणि 'परत पाणी प्या'. हे काम नेमकं काय आहे ते त्या प्रसंगात आहे, आणि तू ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंयस.

मी रेडिएशन विभागात वर्षानुवर्षं काम केलं, पुढे प्रवेशासाठी आलेले अर्जही वाचले. बहुतेक अर्जांची सुरुवात सारखीच असते: 'लहानपणापासून मला रुग्णसेवेची आवड आहे.' दुसरा प्रकार, घरात कुणाला तरी कॅन्सर झाला, ते माणूस गेलं, आणि मग पानभर दुःख. ते दुःख खरं असतं, वाचताना गलबलून येतं, पण पान संपतं तेव्हा अर्ज करणाऱ्या मुलीबद्दल काहीच कळलेलं नसतं. तिने काय पाहिलं, त्यातून तिला काय कळलं, ते त्यात नसतं. तुझ्याकडे ते आहे. तेव्हा मावशीच्या आजारपणाला दोन ओळी पुरे. मग सरळ त्या प्रतीक्षाकक्षात ये. किती वाजले होते, मावशी कशी बसली होती, टेक्निशियन काय म्हणाली. त्यानंतर लिही की लघवी धरून का थांबवतात हे मी नंतर समजून घेतलं, आणि ते कारण तुझ्या शब्दांत मांड. तिथेच वाचणारा मान वर करून तुझं नाव बघेल. शेवटी या कोर्सकडून तुला काय शिकायचंय ते साध्या भाषेत लिही आणि थांब. 'मानवतेची सेवा' वगैरे लिहू नकोस. आधी मराठीत लिहून काढ, मग इंग्रजीत. इंग्रजी सोपं असलं तरी चालतं, छोटी वाक्यं लिही. इंटरनेटवरून उचललेलं इंग्रजी पहिल्या परिच्छेदातच ओळखू येतं.

आता तू न विचारलेली एक गोष्ट. माझ्या दृष्टीने ती निबंधापेक्षा आणि मुलाखतीपेक्षाही मोठी आहे. तू कोणत्या कोर्सला अर्ज करणार आहेस?

रेडिऑलॉजी वेगळं आणि रेडिओथेरपी वेगळं. एक्स-रे, सीटी, एमआरआय काढणं हे इमेजिंगचं काम, त्यात पेशंट येतो, फोटो निघतो, पेशंट जातो. रेडिओथेरपीत त्याच पेशंटला आठवड्यातून पाच दिवस, कधी सहा-सात आठवडे, तू रोज त्याच टेबलावर झोपवणार. घशाच्या कॅन्सरला साधारणपणे ७० ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) डोस ३५ बैठकांत देतात, म्हणजे सात आठवडे. पहिल्या आठवड्यात गप्पा मारणारा माणूस चौथ्या आठवड्यात थुंकीही गिळू शकत नाही, आणि ते आधी टेबलापाशी उभ्या असलेल्या टेक्नॉलॉजिस्टला दिसतं, डॉक्टरला नंतर. नावात 'रेडि' आहे म्हणून मुलं भलत्याच कोर्सला जाऊन बसतात आणि दुसऱ्या वर्षी मला विचारतात, 'यातून तिकडे जाता येईल का?' माहितीपत्रकात पदवीचं पूर्ण नाव वाच. बी.एस्सी. रेडिओथेरपी टेक्नॉलॉजी किंवा त्याच अर्थाचं काही हवं. वेल्लोरचं सीएमसी, मणिपाल, चंदीगडचं पीजीआय, पुद्दुचेरीचं जिपमर या ठिकाणी हा अभ्यासक्रम आहे. मणिपाल आपल्याला त्यातल्या त्यात जवळ, कोकण रेल्वेने उडुपीला उतरलं की आलंच. सरकारी संस्थांत फी कमी आणि चुरस मोठी. प्रवेशाची रीत प्रत्येकाची निराळी आणि ती बदलतही असते, म्हणून यंदाचं माहितीपत्रकच प्रमाण मान, गेल्या वर्षीच्या मुलीने सांगितलेलं नव्हे. बहुतेक ठिकाणी तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप असते.

आणि प्रत्येक संस्थेला फोन करून एकच प्रश्न विचार: यंत्र कुठे आहे?

हा प्रश्न उद्धट वाटला तरी विचार. गल्लीबोळात 'पॅरामेडिकल' पाट्या लागलेल्या आहेत, आणि त्यांतल्या काहींकडे स्वतःचं रेडिओथेरपी यंत्र नसतं, करार केलेलं इस्पितळही नसतं. तिथे मुलं वहीत लिनॅकचं, म्हणजे किरण देणाऱ्या यंत्राचं, चित्र काढतात आणि पदविका घेऊन बाहेर पडतात. कॅम्पसमध्ये लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजे तोच लिनॅक, आहे का, ब्रॅकीथेरपी (किरणांचा स्रोत शरीराच्या आत ठेवून दिलेला उपचार) चालते का, उपचाराच्या आखणीसाठीचा सीटी सिम्युलेटर आहे का, विद्यार्थ्यांना कोणत्या वर्षापासून यंत्रावर उभं करतात, हे सगळं विचारून घे. आपल्या देशात किरणोत्साराच्या सुरक्षिततेवर अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची देखरेख असते. त्यांनी ठरवलेली पात्रता तुझ्याकडे नसेल तर कोणतंही इस्पितळ तुला उपचाराच्या यंत्रावर नेमू शकत नाही. शिवाय २०२१ साली संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी केंद्राचा स्वतंत्र कायदा झाला, त्यात हा व्यवसायही येतो. तेव्हा विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे ना, एवढ्यावर न थांबता ही पदवी एईआरबीला चालते का, हे लेखी विचार. उत्तर द्यायला जो टाळाटाळ करतो त्याला फी देऊ नकोस. घरच्यांनी किती कष्टाने ते पैसे साठवलेले असतात हे मला माहीत आहे.

यंत्राचं झालं, आता माणसांचं. तू मावशीसोबत होतीस ते पेशंटच्या बाजूने. एक दिवस तरी टेक्नॉलॉजिस्टच्या बाजूने उभी राहा. ज्या इस्पितळात रेडिएशन विभाग चालू आहे तिथल्या विभागप्रमुखांना तुमच्या हायर सेकंडरीच्या प्राचार्यांच्या सहीचं पत्र घेऊन भेट. एक दिवस फक्त बघायचंय, कशाला हात लावणार नाही, फोन काढणार नाही, असं त्यात लिही. एकाने नाही म्हटलं तर दुसरीकडे जा. परवानगी मिळाली तर पायांत बंद बूट घाल, केस बांध आणि सांगतील तिथे उभी राहा.

मास्क करताना बघायला मिळालं तर बघच. डोक्याच्या किंवा मानेच्या उपचारात चेहरा रोज एकाच जागी स्थिर राहावा म्हणून तो करतात. जाळीदार प्लास्टिकचा पांढरा पत्रा साधारण सत्तर अंशांच्या पाण्यात सोडतात. थोड्या वेळात तो मऊ, पारदर्शक होतो. दोघं जण दोन्ही बाजूंनी उचलून पाणी निथळवतात आणि झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून खाली ओढून टेबलाला अडकवतात. ऊन ऊन पत्रा कपाळावर, नाकावर, हनुवटीखाली घट्ट बसतो. काही मिनिटांत गार होऊन कडक होतो, आणि तेवढा वेळ त्या माणसाला डोळे उघडता येत नाहीत की बोलता येत नाही. त्या क्षणी टेक्नॉलॉजिस्टचा एक हात प्लास्टिक नाकाच्या दांडीवर दाबत असतो आणि तोंडाने ती सांगत असते, 'श्वास नाकाने घ्या, काही वाटलं तर हात वर करा, मी इथेच आहे.' ते बघताना तुझ्या पोटात कालवलं तर घाबरू नकोस, सगळ्यांना होतं. पण तिथून तुझी नजर पेशंटच्या हाताकडे गेली, की तो वर होतोय का, तर तू या कामासाठी आहेस असं मी खुशाल म्हणेन.

त्याच दिवशी जड बाजूही बघ. कुणाची जखम वास मारत असते. कुणाला स्ट्रेचरवरून टेबलावर चौघांनी मिळून घ्यावं लागतं. कुणाला हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून एकदाच आठ ग्रे द्यायला आणलेलं असतं, बरं होण्यासाठी नाही. हे काम करायची तयारी आहे का, हा प्रश्न घरी बसून सुटत नाही.

आता फिजिक्स. बेताचं आहे म्हणतेस, पण बारावीचं आहे ते पुरतं, फक्त चार गोष्टी पक्क्या कर: आयनीकरण, अर्धायुष्य, व्यस्त वर्गाचा नियम आणि त्रिकोणमितीची तोंडओळख. पाठ करू नकोस, त्या खोलीत नेऊन बघ. लिनॅकमध्ये किरणांच्या उगमापासून शंभर सेंटीमीटर अंतर धरून पेशंट ठेवायचा आहे आणि चुकून तो १०५ वर राहिला. अंतर पाच टक्क्यांनी वाढलं, पण डोस साधारण नऊ टक्क्यांनी कमी झाला. कसा, ते कागदावर सोडवून बघ. दुसरं, काही यंत्रांत किरणांचा स्रोत म्हणून असतं त्या कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे स्रोताची ताकद दर महिन्याला सुमारे एक टक्का घटते. आज जो डोस द्यायला दोन मिनिटं लागतात त्यालाच सव्वापाच वर्षांनी चार मिनिटं लागतील, आणि तेवढा वेळ पेशंटला न हलता पडून राहायचंय. ही दोन गणितं तुला नीट समजली तर मुलाखतीत फिजिक्सला घाबरायचं कारण नाही. बायोलॉजीत शरीररचनेवर भर दे, विशेषतः मान आणि ओटीपोट. आणि फिजिक्स करता करता आवडायलाच लागलं, तर एक वेगळी वाटही आहे. एम.एस्सी. करून मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातली रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका घेतली की मेडिकल फिजिसिस्ट होता येतं. डोस किती ते डॉक्टर ठरवतो, तो कसा पोचवायचा याचा आराखडा आणि यंत्राची तपासणी फिजिसिस्टकडे, आणि रोज प्रत्यक्ष उपचार देणं टेक्नॉलॉजिस्टकडे. ही तिघांची कामं मुलाखतीआधी डोक्यात स्पष्ट असू देत, हमखास विचारतात.

मुलाखतीत आणखी काय? 'एमबीबीएस मिळालं नाही म्हणून इथे आलात का?' हे विचारतीलच. 'नीट' ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा दिली असशील तर दिली म्हणून सांग, लपवू नकोस, आणि लगेच मावशीचा प्रसंग सांग. मग प्रसंगावर आधारित प्रश्न असतात. खोलीत पेशंट एकटा आहे, तू बाहेर कन्सोलवर कॅमेऱ्यातून बघतेयस आणि तो उठून बसायला लागला, तर? आधी किरण बंद करायचे, मग दार उघडून आत धावायचं. हा क्रम कधीही उलटा करायचा नाही. किंवा, बाहेर नाईक आडनावाच्या दोघी बसल्यात, दोघींचं पहिलं नावही एक, तू हाक मारलीस आणि भलतीच उठून आली, तर? आपल्या गोव्यात हे रोज घडू शकतं. नाव तू सांगायचं नाही, तिला सांगायला लावायचं, मग इस्पितळाचा नंबर आणि पडद्यावरचा फोटो ताडून बघायचा. आणि सोबतच्या सीनियरकडून काही चुकतंय असं दिसलं तर? 'थांबा' म्हणायचं, तिथल्या तिथे, तो कितीही मोठा असला तरी. या प्रश्नाला अडखळणारी मुलं भित्री नसतात, घरी-शाळेत मोठ्यांना थांबवायची सवय नसते एवढंच. हे उत्तर मोठ्याने म्हणून सराव कर.

भाषेचा न्यूनगंड घेऊन जाऊ नकोस. मराठी शाळेतून आलीस, कोकणी बोलतेस, हिंदी समजतं, हे अर्जात ठळक लिही. परगावच्या इस्पितळात भेदरलेल्या बाईला 'बाय, भियेवं नाका' ऐकू आलं की तिचे आवळलेले खांदे सैल पडतात, आणि खांदे सैल पडले की तिला टेबलावर नीट लावता येतं. मणिपालला गेलीस तर कामापुरतं कन्नड शिकून घे.

आईचं. तिला उडवून लावू नकोस, तिची भीती मायेची आहे. तिला शेजारी बसवून एक एक सांग. उपचार चालू असताना खोलीत फक्त पेशंट असतो, टेक्नॉलॉजिस्ट बाहेर. भिंती काँक्रीटच्या, किरणांचा झोत जिथे पडतो तिथे दोन मीटरच्या आसपास जाड. दार उघडं असेल तर यंत्र सुरूच होत नाही. लिनॅक बंद केला की किरण बंद, बल्ब विझल्यासारखे. कोबाल्टचा स्रोत मात्र कायम किरण सोडतो, म्हणून तो जाड कवचात ठेवलेला असतो आणि त्याचे नियम अधिक कडक असतात. कर्मचाऱ्याच्या छातीवर टीएलडी बॅज असतो, तो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो आणि तिला किती किरण लागले त्याची नोंद राहते. एईआरबीची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला लागलेल्या किरणांचं माप), आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. नीट चालणाऱ्या विभागात टेक्नॉलॉजिस्टची नोंद याच्या कितीतरी खाली असते. काही न करता घरी बसलेल्या माणसालाही माती, दगड, हवा, अन्न आणि अवकाश यांतून जगाच्या सरासरीने वर्षाला दोन-तीन मिलिसिव्हर्ट मिळतातच. बाई गरोदर असल्याचं तिने कळवलं की पोटातल्या बाळासाठी वेगळी, फार कमी मर्यादा लागू होते आणि तिचं काम त्याप्रमाणे बदलतात. माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणी याच कामात राहून आया झाल्या, त्यांची मुलं आज कॉलेजात आहेत. आणि मावशीचंही सांग, कारण गावात अजून हा समज आहे: बाहेरून यंत्राने शेक घेतलेल्या माणसाच्या अंगातून किरण येत नाहीत. तिचं ताट वेगळं ठेवायची, लहान मुलांना तिच्यापासून दूर ठेवायची काही गरज नव्हती आणि नाही.

एक मात्र तिला आणि तुलाही स्पष्ट सांगते. ही नोकरी घराजवळच मिळेल असं धरून चालू नकोस. गोव्यात अशी यंत्रं मोजकीच, तेव्हा सुरुवातीची काही वर्षं मुंबई, पुणे, बंगळूर अशी कुठेतरी काढावी लागतील. गणेशचवथीला चार दिवस रजा मिळेलच असंही नाही, कारण पेशंटचे उपचार मध्येच तोडून चालत नाहीत. हे आधी बोलून घ्या, प्रवेश घेतल्यावर नको.

कागदपत्रांचं निकालानंतर बघू असं करू नकोस. गोव्यातल्या राखीव जागांसाठी कुठेही अर्ज करणार असशील तर रहिवासी दाखला लागेल, त्यासाठी मामलेदार कचेरीत आत्ताच अर्ज दे, जातीचा दाखला लागत असेल तर त्याच्याही मागे आत्ताच लाग. राज्यातल्या प्रवेशांची माहिती पर्वरीला तंत्रशिक्षण संचालनालयात मिळते. बाहेरच्या विद्यापीठासाठी गोवा बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. हिपॅटायटिस बी ची लस घेतलेली नसेल तर या आठवड्यात सुरू कर, आरोग्याच्या बहुतेक कोर्सना ती मागतात आणि तिचे तीन डोस पुरे व्हायला सहा महिने लागतात. निबंध लिहून झाला की पाठव, मी वाचून कळवते.